शिक्षकेतर कर्मचारी (माध्यमिक शाळा)

माध्यमिक शाळेत प्रत्यक्ष वर्गाध्यापन वगळता इतर नियमित कामे करणाऱ्या सेवकवर्गास शिक्षकेतर कर्मचारी असे म्हणतात. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, नाईक, चौकीदार आणि सफाई कामगार ही या वर्गातील प्रमुख पदे होत. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत ही पदे विद्यार्थ्यांच्या पटसंख्येनुसार शासनाकडून मंजूर होतात व त्यांचे वेतन शासकीय अनुदानातून दिले जाते. हे कर्मचारी शिकवत नसले, तरी विद्यार्थ्याचा प्रवेश, त्याची कागदपत्रे, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, प्रयोगाचे साहित्य, वाचनाचे पुस्तक, मैदान आणि शाळेतील सण-समारंभ यांपैकी बहुतेक गोष्टी त्यांच्या हातून पुढे सरकतात. सन २००० नंतरच्या काळात या पदांची भरती मंदावली आणि २०२० मध्ये चतुर्थश्रेणी पदांऐवजी भत्ता देण्याचे धोरण आले. त्यामुळे या वर्गाचे शाळेतील स्थान हा महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणातील एक वादाचा विषय झाला आहे.

संज्ञा

‘शिक्षकेतर’ हा शब्द नकारात्मक व्याख्येवर उभा आहे. जो शिक्षक नाही, तो शिक्षकेतर. त्यामुळे दहावीच्या गुणांची नोंद करणारा वरिष्ठ लिपिक आणि रात्री आवाराची राखण करणारा चौकीदार हे एकाच शीर्षाखाली येतात. त्यांच्या कामात, पात्रतेत आणि वेतनात मात्र फारसे साम्य नसते. प्रशासकीय भाषेत लिपिक, ग्रंथपाल व प्रयोगशाळा सहाय्यक यांची गणना तृतीय श्रेणीत, तर शिपाई, नाईक, परिचर, हमाल, चौकीदार व सफाई कामगार यांची गणना चतुर्थ श्रेणीत केली जाते. शिपायासाठी पूर्वी ‘पट्टेवाला’ हा शब्द रूढ होता. गणवेशावर आडवा बांधलेला पट्टा व त्यावरील पितळी बिल्ला यांवरून तो आला. सरकारी कचेऱ्यांतून तो शाळांत शिरला आणि बिल्ले गेल्यावरही जुन्या पिढीच्या बोलण्यात टिकून राहिला.

विद्यार्थ्यांची भाषा याहून वेगळी आहे. मराठी शाळांत शिपायाला ‘मामा’ किंवा ‘काका’ आणि महिला सेविकेला ‘मावशी’ म्हणण्याची पद्धत सर्वदूर आढळते. शिक्षकांना ‘सर’ आणि ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ ही पदवाचक संबोधने मिळतात, तर शिपायाला नात्यातले. शाळेच्या नियमांत कोठेही न लिहिलेला हा भेद त्या दोघांशी विद्यार्थ्याच्या असलेल्या संबंधांबद्दल बरेच काही सांगतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पंतोजींच्या शाळेत वेगळा सेवकवर्ग नव्हता. जागा झाडणे, पाणी भरणे ही कामे मुलेच करीत. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात इंग्रजी पद्धतीची हायस्कुले निघाली. तासांचे वेळापत्रक, हजेरीपट, फीची पावती आणि प्रगतिपुस्तक या गोष्टी त्यांच्याबरोबर आल्या आणि त्या सांभाळण्यासाठी कारकून व पट्टेवाला लागू लागले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेमुळे शाळेच्या कार्यालयाला आणखी महत्त्व आले. विद्यार्थ्याचे नाव, वय व शुल्क ठरलेल्या नमुन्यात वरिष्ठ संस्थेकडे पाठवणे हे काम तेव्हापासून चालत आले आहे.

विसाव्या शतकात ग्रामीण भागात माध्यमिक शिक्षण पोहोचवणाऱ्या संस्थांपुढे पैशाचा प्रश्न मोठा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रमालाच शिक्षणाचा भाग केले. ‘कमवा व शिका’ पद्धतीत विद्यार्थी शेतात, बांधकामावर व वसतिगृहात काम करीत. अशा ठिकाणी शिपायाचे काम आणि विद्यार्थ्याचे काम यांत ठळक रेषा नव्हती. डॉ. पंजाबराव देशमुख यांची अमरावतीतील श्री शिवाजी शिक्षण संस्था, बापूजी साळुंखे यांची कोल्हापुरातील श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था आदी संस्थांनी पुढे खेड्यापाड्यांत शाळांचे जाळे विणले. शासनाने वेतन अनुदान देण्यास सुरुवात केल्यावर पदे, पात्रता व वेतनश्रेणी ठरवणे भाग पडले आणि शिक्षकेतर कर्मचारी हा स्वतंत्र, नियमबद्ध वर्ग तयार झाला. त्याआधी अनेक गावांत शाळेचा शिपाई हा संस्थाचालकांच्या घरचाही गडी समजला जाई. नियमांमुळे ही प्रथा एकदम थांबली नाही, परंतु तिला आव्हान देण्याचा मार्ग मात्र खुला झाला.

कार्यालय आणि विद्यार्थ्यांचे कागदपत्र

शाळेच्या कार्यालयातील सर्वांत महत्त्वाची वही म्हणजे जनरल रजिस्टर. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा आणि पालकाचे नाव तिच्यात लिहिले जाते. शाळा सोडताना मिळणारा दाखला याच नोंदीवरून तयार होतो. पुढे पारपत्र, नोकरी, निवृत्ती यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून अनेकदा हाच कागद पुढे येतो. शाळा सोडल्यानंतर या नोंदीत बदल करून घेणे अत्यंत कठीण असते. लिपिकाने घाईत लिहिलेली वेलांटी किंवा उलटसुलट झालेला आकडा माणसाला पन्नास वर्षे पुरतो, असे कार्यालयांत गमतीने म्हटले जाते, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

जुन्या रजिस्टरांना महाराष्ट्रात आणखी एक मोल आहे. जातपडताळणी करताना अर्जदाराच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या शालेय नोंदी तपासल्या जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. हे पुरावे बहुधा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा या रूपात मिळतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांच्या रजिस्टरांचीही पाने उलटली गेली. त्यांतील काही मोडी लिपीत असल्याने वाचण्यासाठी जाणकारांची मदत घ्यावी लागली. वाळवीपासून आणि गळक्या छपरापासून ही बाडे ज्यांनी जपली, ते बहुतांशी त्या त्या शाळांचे लिपिक व शिपाई होते.

दैनंदिन कामाचा मोठा भाग सवलती व शिष्यवृत्त्यांचा असतो. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून निवडलेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र उत्पन्नाचा दाखला, बँक खाते व आधार यांतील नावे जुळली नाहीत, तर रक्कम अडकते. ग्रामीण भागातील मुलींच्या मोफत एस.टी. पासासाठी शाळेचे प्रमाणपत्र लागते. मानव विकास कार्यक्रमातून मिळणाऱ्या सायकलीसाठी शाळेलाच लाभार्थी मुलींची यादी करावी लागते. ज्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी असते, तेथील पालकांना कोणता दाखला तहसील कार्यालयातून आणायचा आणि कोणता तलाठ्याकडून, हे लिपिकच समजावून सांगतो. मुलगा किंवा मुलगी शाळेत टिकण्यामध्ये या खिडकीपलीकडच्या संभाषणाचा वाटा किती, हे मोजण्याचे कोणतेही साधन शिक्षण विभागाकडे नाही.

दहावीच्या परीक्षेचे काम वर्षाच्या मध्यापासून सुरू होते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडे भरावयाच्या आवेदनपत्रात विषयांचे सांकेतिक क्रमांक, माध्यम, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती आणि कला व क्रीडा गुणांचे प्रस्ताव बिनचूक जावे लागतात. परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असल्याने हजेरीपटही तपासावे लागतात. शाळा सोडलेल्या व खासगीरीत्या परीक्षा देणाऱ्यांसाठीचा ‘१७ नंबरचा अर्ज’ हे या कामाचेच एक अंग आहे. मजुरी करणारी, लग्न झालेली किंवा अनेक वर्षांनी पुन्हा अभ्यासाकडे वळलेली माणसे तो भरण्यासाठी कार्यालयात येतात. त्यांना पहिला शब्द शिक्षकाचा नव्हे, तर लिपिकाचा ऐकायला मिळतो. २०२१ मध्ये कोविड साथीमुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. तेव्हा नववीच्या निकालास ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनास ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकास २० गुण असे सूत्र ठरले. शाळांनी आपल्या दप्तरातून हे गुण संगणकावर भरले आणि संपूर्ण राज्याचा निकाल त्या नोंदींवर लागला.

संगणकीकरणामुळे कार्यालयाचे काम कमी झाले नाही, ते दुहेरी झाले. सरल, यू-डायस प्लस व शालार्थ या प्रणाल्यांत माहिती भरावी लागते आणि रजिस्टरही लिहावेच लागते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्यासाठी, आधार वैध झालेले विद्यार्थीच मोजण्याची पद्धत आल्यापासून एका विद्यार्थ्याच्या नावातील चूक शिक्षकाच्या पदापर्यंत जाऊन पोहोचते.

प्रयोगशाळा व ग्रंथालय

दहावीच्या विज्ञान विषयात दोन लेखी भागांना प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकास २० गुण असतात. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. या गुणांमागील तयारी प्रयोगशाळा सहाय्यक व परिचर करतात. आम्ल विरल करणे, द्रावणे ठरलेल्या तीव्रतेची करणे, परीक्षानळ्या धुऊन उलट्या लावणे, सूक्ष्मदर्शकाची भिंगे पुसणे, फुटलेल्या काचेची नोंद ठेवणे आणि जडसंग्रह नोंदवहीशी साहित्य पडताळून पाहणे ही त्यांची कामे आहेत. आम्लात पाणी न ओतता पाण्यात आम्ल सावकाश सोडावे, हा नियम शिक्षक फळ्यावर लिहितो. चाळीस मुलांच्या घोळक्यात तो पाळला जातो की नाही, हे मात्र परिचरच पाहत असतो. जेथे हे पद रिकामे आहे तेथे विज्ञान शिक्षकास तासाआधी मांडणी व तासानंतर आवराआवर करण्यास वेळ मिळत नाही, आणि प्रयोग हळूहळू टेबलावरून फळ्यावर जातो. विद्यार्थी आकृती काढून प्रयोगवही पूर्ण करतात, प्रयोग मात्र केलेला नसतो.

ग्रंथपालाची स्थिती अधिक नाजूक आहे. मोठ्या पटसंख्येच्या शाळेतच पूर्णवेळ ग्रंथपाल मंजूर होतो. लहान शाळांत तो अर्धवेळ असतो किंवा नसतोच. मग पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात आणि किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. पूर्णवेळ ग्रंथपाल असलेल्या शाळांत मात्र वर्गवार पुस्तकपेट्या, वाचन प्रेरणा दिनाचे (१५ ऑक्टोबर) प्रदर्शन, वर्तमानपत्रांतील कात्रणांचा फलक, गरीब विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पाठ्यपुस्तकांचा संच देण्याची पुस्तकपेढी असे उपक्रम चालतात. वर्गात मागे पडलेल्या मुलालाही ग्रंथालयात कोणी प्रश्न विचारत नाही, हा या जागेचा एक गुण आहे.

शाळेचे सामूहिक जीवन

शाळेचा दिवस घंटेने सुरू होतो आणि घंटा शिपायाच्या हातात असते. विजेची घंटा आली तरी अनेक शाळांत पितळी टोल किंवा लोहमार्गाच्या रुळाचा टांगलेला तुकडा अजून वाजतो. पहिली घंटा, परिपाठाची घंटा, तासांचे टोल, मधल्या सुट्टीचा आणि शाळा सुटल्याचा लांब टोल यांची लय त्या शाळेत शिकलेल्यांच्या कानात कायम राहते. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना व सुविचार असतात. उशिरा आलेल्यांना फाटकापाशी थांबवणे आणि त्यांतील कोण नेहमीचा व कोण घरच्या अडचणीमुळे उशिरा आलेला, हे ओळखणे ही शिपायाची अलिखित जबाबदारी असते.

स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या संध्याकाळी ध्वजस्तंभाची दोरी व कप्पी तपासणे, ध्वजाची घडी फुले घालून बांधणे आणि आवारात सडा-रांगोळीची तयारी करणे ही कामे याच वर्गाकडे असतात. ध्वज अर्ध्यावर अडकू नये, ही काळजी त्या दिवशी मुख्याध्यापकाइतकीच शिपायालाही असते. क्रीडासप्ताहात मैदानावर पाणी मारून धूळ बसवणे, खो-खोचे खांब रोवणे, फक्कीने कबड्डीच्या रेषा आखणे ही कामे सामन्याच्या आधी पहाटे उरकावी लागतात. वार्षिक स्नेहसंमेलनात व्यासपीठ, पडदे, वीजजोडणी, पाहुण्यांच्या खुर्च्या, रंगीत तालमीसाठी रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवलेले वर्ग आणि शेवटी सगळे पूर्ववत करून दुसऱ्या दिवशी भरणारी शाळा यांचा भार शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर पडतो. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे आभारप्रदर्शनाच्या ओघात, ‘ज्ञात-अज्ञात’ या शब्दांत येतात. काही शाळांनी मात्र स्नेहसंमेलनात निवृत्त होणाऱ्या शिपायाच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्याची किंवा माजी विद्यार्थी मेळाव्यात त्यांचा सत्कार करण्याची प्रथा पाडली आहे. असे मेळावे पाहिल्यास एक गोष्ट हमखास आढळते. शिक्षकांपैकी आपल्याला शिकवणारे तेवढेच माजी विद्यार्थ्यांना आठवतात, शिपाईमामा मात्र सर्व तुकड्यांना सामाईक असतात.

शाळेविषयीचा आपलेपणा केवळ समारंभांतून तयार होतो असे नाही. चक्कर आलेल्या मुलीला कार्यालयात बसवून साखरपाणी देणे, पाळी आलेल्या मुलीसाठी मावशींनी कपाटातून पॅड काढून देणे, डबा न आणलेल्याला स्वतःच्या डब्यातील भाकरी देणे, परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र विसरलेल्याच्या घरी सायकल दामटणे अशा गोष्टींतूनही तो वाढतो. अर्थात हा वर्ग सर्वत्र असाच वागतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावणारे कार्यालय, जातीवरून किंवा गरिबीवरून टोचून बोलणारा कर्मचारी यांचाही अनुभव विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो, आणि शाळेविषयीची अढी तेथूनच सुरू होऊ शकते.

पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या माध्यमिक शाळांत शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस या बहुधा महिला असतात. त्या मानधनावर काम करतात व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांत मोडत नाहीत. विद्यार्थी मात्र हा भेद करीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्याही मावशीच.

विद्यार्थ्यांची सुरक्षितता

स्वच्छतागृहे, जिने, मैदानाची मागची बाजू, सुटीनंतरचे रिकामे वर्ग या शिक्षकांच्या नजरेआडच्या जागांत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा वावर असतो. त्यामुळे ते विद्यार्थ्यांचे रक्षकही ठरतात आणि त्यांच्याकडून धोका संभवत असेल, तर तोही गंभीर असतो. पोक्सो या नावाने परिचित असलेल्या २०१२ च्या कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारीवर्गातील व्यक्तीने त्या संस्थेतील बालकावर केलेला अत्याचार हा गंभीर स्वरूपाचा गुन्हा मानला आहे. असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधनही त्यात आहे. हे बंधन शिक्षकांइतकेच शिपायावरही आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत पूर्व-प्राथमिक वर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. प्रकरणातील आरोपी हा कंत्राटी सफाई कर्मचारी होता. या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी, तक्रारपेटी व सखी-सावित्री समिती यांविषयी आदेश काढले. शाळेशी कायमचे नाते नसलेल्या, वारंवार बदलणाऱ्या मनुष्यबळाला मुलांच्या सान्निध्यात कितपत मोकळीक द्यावी, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आला. कायम कर्मचारी म्हणजे सुरक्षितता, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. मात्र वीस वर्षे एकाच शाळेत असलेल्या माणसाला गाव ओळखत असते आणि त्याच्यावर गावाची नजरही असते, हे खरे.

कायदेशीर स्थान

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी ठरतात. या कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षक व शिक्षकेतर दोन्ही येतात. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. निवृत्तीचे वय सामान्यतः ५८ वर्षे व चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षे आहे. सेवेत असताना मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या वारसास अनुकंपा तत्त्वावर नेमणूक देण्याची तरतूद आहे. नियमित भरती थांबलेल्या काळात अनेक शाळांत नवा लिपिक किंवा शिपाई आला तो याच वाटेने. गोव्यात शालेय कर्मचाऱ्यांचे विनियमन १९८४ च्या शालेय शिक्षण अधिनियमाखाली होते.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेल्या जुन्या निवृत्तिवेतनाच्या संपात शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचारीही सहभागी झाले. महाराष्ट्र राज्य माध्यमिक शाळा शिक्षकेतर संघटनांचे महामंडळ ही या वर्गाची राज्यपातळीवरील संघटना आहे.

राजकीय प्रतिनिधित्वात मात्र दोन वर्गांत स्पष्ट अंतर आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधानपरिषदेतील एकबारांश सदस्य माध्यमिक किंवा त्यावरील संस्थांत किमान तीन वर्षे अध्यापन करणाऱ्यांकडून निवडले जातात. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. त्याच शाळेत तीस वर्षे काम केलेला लिपिक किंवा ग्रंथपाल या मतदारसंघात मतदार होऊ शकत नाही. तो पदवीधर असल्यास पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतो, पण तेथे त्याची ओळख शाळेचा कर्मचारी अशी राहत नाही. शिक्षक आमदार शिक्षकेतरांचे प्रश्न सभागृहात मांडतात, परंतु त्या मतांचा धाक त्यामागे नसतो.

पदांची कपात आणि शिपाई भत्ता

शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध ठरवण्यासाठी राज्यात वेळोवेळी समित्या नेमल्या गेल्या. त्यांपैकी चिपळूणकर समितीच्या शिफारशींचा उल्लेख संघटना आजही करतात. आकृतिबंध निश्चित होत नाही तोवर भरती नाही, या भूमिकेमुळे निवृत्तीने रिकामी झालेली पदे वर्षानुवर्षे तशीच राहिली. २०१९ मध्ये लिपिक, ग्रंथपाल व प्रयोगशाळा कर्मचारी यांचा सुधारित आकृतिबंध जाहीर झाला. चतुर्थश्रेणीसाठी मात्र वेगळा निर्णय झाला.

११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतील शिपाई व तत्सम पदे, त्यावरील कर्मचारी निवृत्त झाल्यावर, संपुष्टात येतील असे ठरले. त्यांच्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यावयाचा होता. दर महिन्याला मुंबई व पुणे क्षेत्रात प्रतिपद १०,००० रुपये, इतर नागरी भागांत ७,५०० रुपये आणि ग्रामीण भागात ५,००० रुपये असे दर होते. वेतनावरील खर्च आटोक्यात आणणे व स्थानिक पातळीवर गरजेप्रमाणे काम करून घेणे ही शासनाची भूमिका होती. संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि कर्मचारी या एरवी परस्परविरोधी असणाऱ्या तिन्ही संघटनांनी त्याला विरोध केला. एवढ्या रकमेत पूर्णवेळ माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि प्रश्नपत्रिका, रोख फी किंवा प्रयोगशाळेच्या किल्ल्या अशा माणसावर सोपवता येत नाहीत, हे त्यांचे मुख्य मुद्दे होते.

पद नाहीसे झाले तरी काम नाहीसे होत नाही. ज्या शाळांत शिपाई उरलेला नाही, तेथे वर्ग उघडणे व घंटा देणे शिक्षकांकडे जाते, झाडलोट पाळीपाळीने विद्यार्थ्यांकडे येते आणि स्वच्छतागृहे कुलूपबंद होतात. यांतील शेवटच्या गोष्टीचा सर्वाधिक त्रास किशोरवयीन मुलींना होतो. लिपिक नसल्यास ऑनलाइन माहिती भरण्याचे काम संगणक जाणणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. शाळेच्याच कार्यालयातील कामाबद्दल मात्र त्यात संरक्षण नाही, आणि कायद्याच्या अनुसूचीतील कर्मचारीविषयक निकषांत लिपिक वा शिपाई यांचा उल्लेखही नाही.

इतर देशांत

अमेरिकेतील हायस्कुलांत कार्यालयीन कर्मचारी, बसचालक, उपाहारगृहातील सेवक, इमारतीची देखभाल करणारे आणि वर्गात शिक्षकास मदत करणारे सहाय्यक असा मोठा वर्ग असतो. कॅलिफोर्नियात त्यांना कायद्याने ‘क्लासिफाइड’ कर्मचारी म्हणतात व दरवर्षी मे महिन्यात त्यांच्या सन्मानार्थ एक सप्ताह पाळला जातो. शाळेच्या संघाचे रंग, सामने आणि मिरवणुका यांतून व्यक्त होणाऱ्या तेथील शालेय अभिमानात हे कर्मचारी गणवेशाचे रंग परिधान करून उघडपणे सहभागी होतात.

इंग्लंडमध्ये वर्गसहाय्यकांची संख्या २००० नंतर झपाट्याने वाढली. त्यांच्या परिणामाचा अभ्यास पीटर ब्लॅचफर्ड व सहकाऱ्यांनी केला. ज्या विद्यार्थ्यांना सहाय्यकांची जास्त मदत मिळाली, त्यांची प्रगती तुलनेने कमी झाल्याचे त्यात आढळले. सहाय्यक कमी पडतात असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला नाही. अडचणीतील मुले शिक्षकांकडून काढून सहाय्यकांकडे सोपवली जात होती आणि शिक्षक व सहाय्यक यांना एकत्र नियोजनास वेळ दिला जात नव्हता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यानंतर तेथे सहाय्यकांच्या प्रशिक्षणावर व कामाच्या आखणीवर भर देण्यात आला.

जपानमध्ये विद्यार्थी रोज ठरलेल्या वेळी वर्ग व व्हरांडे स्वतः स्वच्छ करतात आणि तो शिक्षणाचा भाग समजला जातो. महाराष्ट्रात शिपाई नसल्यामुळे मुलांच्या हाती आलेल्या झाडूचे समर्थन करताना या उदाहरणाचा आधार घेतला जातो. परंतु जपानी शाळेत देखभालीसाठी वेगळे कर्मचारीही असतात आणि स्वच्छतेच्या वेळी शिक्षकही मुलांबरोबर हातात फडके घेतात. शिवाय सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींवर लादले गेलेल्या समाजात ते काम कोणत्या मुलांच्या वाट्याला येते, हे पाहिल्याशिवाय ही तुलना पूर्ण होत नाही.